एकरी सतरा किलो

"माशांच्या टाकीत युरिया घालणारे ते तुम्हीच का?" हा प्रश्न गेल्या शनिवारी आमच्या न्यू जर्सीतील मराठी मंडळाच्या गणपतीत एका अनोळखी गृहस्थांनी मला विचारला, तेव्हा माझ्या एका हातात मोदक आणि दुसऱ्या हातात तुपाची वाटी होती, म्हणजे मी पूर्णपणे निःशस्त्र होतो. मी युरिया घालत नाही. मी घालतो ते पोटॅशियम नायट्रेट, आणि तेही काट्यावर तोलून. हा फरक मी त्या गृहस्थांना मोदक निवेपर्यंत समजावून सांगितला. "म्हणजे खतच ना?" असे म्हणून ते वरणभाताच्या रांगेकडे निघून गेले.

टाकी ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८४ लिटरची आहे. तिच्यात खारे पाणी, पाच मासे आणि जिवंत प्रवाळ आहेत. गेल्या हिवाळ्यात माशांना गोठवलेली कोळंबी प्रेमाने आणि जरा जास्तच भरवल्यामुळे नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळलेले नत्र, ४० पीपीएमवर (दहा लाखांत चाळीस भाग) गेले आणि खडकांवर हिरव्या केसाळ शेवाळाचे असे रान माजले, की मासे त्यातून भांग पाडत फिरत. मग मी चिडलो. स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र, मोठा आणला. फॉस्फेट शोषून घेणारे लोहाचे तपकिरी दाणे दुप्पट केले. मासे अर्धपोटी ठेवले. शेवाळाशी शेवाळानेच लढावे म्हणून खालच्या टाकीत कीटोमॉर्फाचा गुंता सोडून त्याला रात्रभर दिवा लावला, आणि रोज दीड मिलिलिटर व्होडका पाण्यात ओतू लागलो. मे महिन्यात नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आली आणि शेवाळ गेले. हे शून्य मी फोटो काढून नातेवाइकांना पाठवले होते, याची आता लाज वाटते.

कारण शून्यानंतर पंधरा दिवसांत प्रवाळ फिके पडले आणि वाळूवर शेंबडासारखे तपकिरी, टोकांना हवेचे बुडबुडे धरलेले तंतू पसरले. दिवसा वाढत, रात्री ओसरत, आणि सकाळी गोगलगायी मेलेल्या सापडत. हे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय सूक्ष्म जीव. यातली चीड आणणारी गोष्ट अशी, की प्रवाळाच्या पेशींत राहून उजेडावर अन्न तयार करणारे, ज्यांच्या जिवावर प्रवाळ जगते, ते सूक्ष्म भाडेकरूही याच कुळातले. घरातला भाऊ कमावून घालतो आणि बाहेरचा चुलत भाऊ अंगणात घाण करतो, ही भाऊबंदकी समुद्रातही असेल, असे मला वाटले नव्हते.

नेमके तेव्हाच काका आले. काका म्हणजे माझ्या मित्राचे सासरे, तासगावचे, निवृत्त कृषी अधिकारी. मुलीकडे काही महिन्यांसाठी आलेले होते, आणि चालत जाण्याजोगे काहीही नसलेल्या आमच्या उपनगरात त्यांना चालत जाण्याजोगे एकच ठिकाण सापडले होते, ते आमचे घर. पहिल्या संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन ते टाकीसमोर उभे राहिले, ते पंचनाम्याला आलेला सरकारी माणूस बांधावर उभा राहतो तसे.

"पीक कोणतं म्हणायचं हे?"

"पीक नाही काका, प्रवाळ आहे. प्राणी असतो तो."

"प्राण्याला एवढा उजेड कशाला लागतोय?"

मी भाडेकरूंची हकीकत सांगितली. काकांनी चष्मा वर केला. "म्हणजे पीकच की. पिवळं पडलंय. नत्र कमी आहे."

"कमी नाही, शून्य आहे," मी अभिमानाने म्हणालो. "फॉस्फेटसुद्धा."

"स्फुरदपण नाही? धुऊन गेलं?"

"मुद्दाम काढलं."

"काढायचे पैसे मिळाले का?"

"नाही, मीच दिले."

काका कप ठेवून सोफ्यावर बसले. "साहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "तेहेतीस वर्षं नोकरी केली. खताच्या गाडीसाठी पहाटेपासून रांगेत उभी राहिलेली माणसं बघितली, पोत्यावरनं डोकी फुटलेली बघितली. पण नत्र-स्फुरद काढून टाकायला स्वतःच्या खिशातनं पैसे देणारा माणूस आज बघितला."

इथे विषय संपवावा, ही बुद्धी मला झाली नाही. ते कसे काढले, असे त्यांनी विचारले, आणि मी व्होडका सांगितली. माशांत एखादा माळकरी असला तर काय, एवढीच शंका त्यांनी प्रथम काढली. मग मी जरा वरच्या पट्टीत शास्त्र सांगू लागलो. व्होडकेतला कर्ब जिवाणू खातात, वाढताना पाण्यातले नायट्रेट-फॉस्फेट ओढून घेतात आणि स्किमरच्या फेसाबरोबर बाहेर पडतात. समुद्री प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत, कर्ब, नत्र आणि स्फुरद यांचे प्रमाण साधारण १०६ : १६ : १ असे असते आणि ते रेडफिल्ड नावाच्या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते.

"म्हणजे जीवामृतातला गूळ," काका म्हणाले.

"काय?"

"जीवामृतात गूळ कशाला घालतात? जिवाणूंना खायला. तुम्ही गुळाऐवजी दारू घातली, एवढाच फरक. पण साहेब, उसाचं पाचट रानात कुजवायचं असलं तर आम्ही त्यावर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकायला सांगतो. का? पाचटात नुसता कर्ब. जिवाणू ते कुजवताना जमिनीतलं नत्र ओढतात आणि वर पीक पिवळं पडतं. तुम्ही पाचट घातलंय आणि युरिया टाकायचा विसरलाय."

मी गप्प बसलो. हे उत्तर बरोबर होते. ते मला एक सूक्ष्मदर्शक आणि डझनभर गोगलगायी खर्चूनही सुचले नव्हते. आणि 'युरिया' हा शब्द त्याच संध्याकाळी आमच्या घरातून बाहेर पडून मंडळाच्या दिशेने चालू लागला.

याचा राग मी काकांवर काढणे चूक आहे, म्हणून तो दुकानांवर काढतो. ज्या कपाटात फॉस्फेट काढण्याचे दाणे मिळतात, त्याच कपाटात, एक खण खाली, फॉस्फेट वाढवण्याची बाटली मिळते. वरच्या खणाची कृपा झालेला गिऱ्हाईक तीन महिन्यांनी वाकून खालच्या खणापाशी येतोच. खऱ्या प्रवाळभित्तीवरच्या पाण्यात ही द्रव्ये जवळजवळ नसतात, हे वरच्या खणातल्या डब्यावर छापलेले असते. पण तिथे प्रत्येक लाटेबरोबर तरंगते खाद्य येत राहते, हे छापायला डब्यावर जागा उरत नसावी. माझ्या टाकीत लाट नव्हती, पंप होता, आणि तो तेच उपाशी पाणी फिरवत होता.

खालच्या खणातली ती बाटली काकांनी मला घेऊ दिली नाही. तासगावच्या द्राक्षबागेला जे तेरा-झिरो-पंचेचाळीस खत देतात ते पोटॅशियम नायट्रेटच, आणि झिरो-बावन्न-चौतीस म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. मग पाव लिटर पाण्याचे एवढे पैसे का द्यायचे? मी हरितगृहवाल्यांकडून पिशवी मागवली. तिच्यावर १३-०-४६ होते. "अमेरिकेत एक जास्तच," काका म्हणाले. नायट्रेट पाच पीपीएमने वाढवायला मला २.३ ग्रॅम लागणार होते आणि फॉस्फेट ०.०५ ने वाढवायला अवघे २० मिलिग्रॅम. ग्रॅम हे एकक काकांना पटेना. त्यांनी टेपने टाकी मोजली, चार फूट बाय दीड, म्हणजे सहा चौरस फूट, एकरात अशा ७,२६० टाक्या बसतात, पाकिटाच्या पाठीवर गुणाकार करून त्यांनी निर्णय दिला, "एकरी सतरा किलो. द्यायला हरकत नाही."

व्होडका बंद केली, दाणे काढले आणि रोज मोजून खत देऊ लागलो. महिन्याभराने काचेवर हिरवा थर धरला, तसतसा तपकिरी शेंबूड मागे हटला. जे हिरवे घालवण्यासाठी मी हिवाळाभर जीव टाकला, ते उगवलेले पाहून मी बायकोला हाक मारली. ती आली, पण टाकी पाहायला नव्हे. पिशवी सव्वादोन किलोची होती आणि मला दिवसाला चिमूटभर लागत होते, तेव्हा उरलेल्याचे काय करणार, हे तिला विचारायचे होते.

काका द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी परत गेले. आमच्या खिडकीतला कढीपत्ता, जो दर हिवाळ्यात चार काड्यांवर येऊन नशिबाला दोष देत असे, आता छताला टेकायला आला आहे. घरी येणारे पाहुणे टाकीला पाठ करून उभे राहतात आणि त्याच्या पानांचा वास घेतात. काल तासगावहून व्हिडिओ कॉल आला. प्रवाळाला पुन्हा जांभळा रंग चढला आहे, तो दाखवावा म्हणून मी फोन घेऊन टाकीकडे धावलो.

"ते असू द्या साहेब," काका म्हणाले, "आधी कढीपत्ता दाखवा."