एक राउटर आणि चौदा तोंडं

"काका, तुमचं नेट जरा फास्ट करून देतो."

हे वाक्य कानावर पडलं तेव्हाच पुतण्याच्या हातात दोन फणस देऊन त्याला पहिल्या एसटीने ठाण्याला पाठवायला हवा होता. नाही पाठवला. भोगतोय.

मे महिना, २० तारीख, सकाळचे अकरा. सात दुकानदारांची जीएसटीची ३बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायची, तीन भरून झालेल्या, चौथ्याचा ओटीपी आलेला. आणि कोपऱ्यात तो पृथ्वीचा गोळा उगवला. कनेक्टेड, नो इंटरनेट. कनेक्टेड म्हणे! पानं मांडलीत, भाताचा पत्ता नाही.

मग नेहमीची पूजा. राउटर बंद, दहा आकडे मोजा, चालू. कॉम्प्युटर बंद, चालू. मग वायर. माझ्या वायरच्या जॅकची ती प्लॅस्टिकची जीभ दोन वर्षांपूर्वी तुटली, तेव्हापासून तिथे आगपेटीची काडी खोचलेली असते. काडी दमट झाली की सुटते, जॅक पाव सूत मागे येतो, नेट जातं. म्हणून नवी काडी, ब्लेडने तासून, गुल लागलेलं टोक चावून काढून. राउटरवर सगळे दिवे हिरवे, लग्नाच्या मांडवासारखे लुकलुकतायत. आणि माझ्याकडे गोळा.

हेल्पलाइन. मराठीसाठी दोन दाबा. दाबलं. वीस मिनिटं तीच पिपाणी. मग एक मुलगी म्हणते, "सर, इथून लाइन क्लिअर दिसतेय. घरात किती डिव्हाइस आहेत?" मोजायला बसलो. दादाचा लॅपटॉप, वहिनींचा ऑफिसचा, पुतण्याचा तो मागे लाल दिवे लागणारा, माझा कॉम्प्युटर, टीव्ही, पुतणीचा टॅब, आणि आईचा धरून आठ मोबाइल. चौदा. पलीकडे जी शांतता पसरली ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. "सर, लोड जास्त असेल." अगं बाई, लोड जास्त असला तर हळू चालेल. मेलंय ते!

आणि सगळ्यात चीड कशाची? पडवीत वहिनींची मीटिंग व्यवस्थित चालू. "ऑडिबल आहे ना मी?" आहात हो, आसूदच्या पुलापर्यंत आहात. रोज सकाळी "अर्धा तास सगळ्यांनी नेट बंद ठेवा ना, प्लीज" म्हणतात आणि तो अर्धा तास जेवणाच्या पानापर्यंत पोचतो. आमच्या आगराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, पाटाचं पाणी पाळीने येतं. पाळी चुकवून कोणी पाट फोडला तर पूर्वी कोयते निघायचे. नेटलाही पाळ्या लावू या म्हटलं, तर दादा हसला. ७०७ रुपये मी भरतो. ५९९ आणि वर १८ टक्के. दादा हसतो.

पुतण्या तर पाट फोडूनच बसलेला असतो. नव्वद जीबीचा गेम उतरवत होता परवा. "शंभर एमबीपीएसची लाइन आहे ना काका, पंधरा मिनिटांत होईल." आठाने भाग रे, इंजिनियर! लाइन बिटात, गेम बाइटात, आणि आठ बिटांचा एक बाइट. सेकंदाला साडेबारा एमबी. म्हणजे सगळी लाइन एकट्याच्या घशात ओतली तरी दोन तास. आणि हा ती एकट्याच्याच घशात ओततो.

वर तक्रारी. माजघरात रेंज नाही, न्हाणीघरात रेंज नाही. न्हाणीघरात कशाला हवी आहे रे? घर चिऱ्याचं आहे, आजोबांनी बांधलंय, फूटभर जाडीच्या भिंती. ते पाच गिगाहर्ट्झ का काय, ओटीवरच गार होतं. म्हणून तर मी हाताने भोक पाडून माझी वायर आत आणली, तीन संध्याकाळी गेल्या. तेव्हा "कशाला पोखरून ठेवतोयस घर" म्हणणारा हाच दादा.

मला काय रेंज सांगता? २००३ साली ह्याच घरात मी दोन कॉम्प्युटरवर एक नेट चालवलंय. टेलिफोनचा मोडेम, मध्ये दोघांना थेट जोडणारी क्रॉसओव्हर वायर, विंडोज ९८ सेकंड एडिशन. पहिला बंद केला की दुसरा गार. आईने बहिणीला फोन करायला रिसीव्हर उचलला की दोन्ही गार. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं, आमच्या आगरातल्या निम्म्या पोफळी झोपल्या, खांब झोपले, महिनाभर दिवा नाही. तेव्हा नाही कोणी विचारायला आलं नेट कसं आहे. गेल्या वर्षी वळवाच्या पहिल्या पावसात वीज पडली. फायबर काचेची, तिला वीज लागत नाही म्हणून मी निर्धास्त. ती आली चार्जरमधून. राउटरच्या चार भोकांतली दोन मेली. उरली दोन. एकात मी, दुसऱ्यात टीव्ही. ही सगळी माझी इस्टेट.

केबलवाला चार वाजता आला, दापोलीहून, बाइकवर, उन्हाने लाल होऊन. पाणी प्यायला. राउटरकडे बघितलं. मग टेबलामागे वाकला, एक वायर उपटली, माझी काढून परत लावली आणि बोलला, "बघा आता." गोळा गेला. पाच तास, आणि दीड सेकंद.

"काका, घरात दोन सासवा झाल्या होत्या."

पुतण्याने ठाण्याहून आपला राउटर आणून जोडलेला. टीव्हीची वायर काढून, आणि आधी चुकून माझी काढून परत लावून. घरातल्या प्रत्येक यंत्राला नेटवरचा नंबर राउटर देतो. आमचा राउटर १९२.१६८.१ वाले नंबर वाटतोय, ह्याचा १९२.१६८.० वाले. जी आधी ओ देईल तिची सून. वहिनी जुन्या सासूकडे राहिल्या म्हणून त्यांची मीटिंग चालू. मी गेलो नवीकडे. तिने नंबर दिला, पण तिच्या घराला बाहेर जायला दारच नव्हतं. आणि मी जितक्या वेळा बंद-चालू केलं तितक्या वेळा जाऊन तिच्याच पाया पडलो.

"वायर नव्या राउटरच्या निळ्या भोकात हवी होती, नेट आत घ्यायच्या," केबलवाला म्हणाला, "पिवळ्यात खुपसलीय. कोणी केलं हे?"

मी पुतण्याकडे बघितलं. सगळ्या घराने बघितलं. पुतण्या शांतपणे म्हणाला, "मी विचारलं होतं काकांना. निळ्यात की पिवळ्यात?"

विचारलं होतं. साडेदहाच्या सुमाराला, मी तिसऱ्या दुकानदाराच्या बिलांत असताना. आणि चष्म्यावरून वरसुद्धा न बघता मी म्हटलं होतं, "घाल कुठेही, भोकं सगळी सारखीच."

पुढचं फार सांगत नाही. आठच्या आत चारही भरून झाल्या. नसत्या झाल्या तर विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये, चौघांचे दोनशे. केबलवाल्याला पेट्रोलचे दोनशेच दिले, वर डझनभर पायरी. वायर निळ्यात गेल्यापासून माजघरात रेंज फुल्ल आहे. हे मी दादासमोर बोललेलो नाही.

रात्री मार्करने कागद लिहून राउटरच्या वर चिकटवला: "कोणीही हात लावू नये." सकाळी चहा घेऊन आलो तर खाली बायकोच्या अक्षरात एक ओळ वाढलेली: "काकांनी सुद्धा."