व्हिजिटिंग कार्डाबद्दलचा तो फॉरवर्ड

बडोद्यातल्या आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात तिघांनी एकच मजकूर टाकला. सार असं: बिझनेस कार्ड १५व्या शतकात चीनमध्ये निघालं, युरोपातल्या सरदारांनी ते उचललं आणि पुढे त्याचंच व्यापाऱ्यांचं कार्ड झालं, कोपरा दुमडलेलं कार्ड म्हणजे अपमान, आणि कार्डाचा आकार एटीएम कार्डावरून ठरला. दांडिया बाजारातल्या छापखान्यात छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवायला शिकलेल्या माणसाला यावर गप्प बसवत नाही.

१५वं शतक कुठून आलं देव जाणे. चीनच्या आन्हुई प्रांतात १९८४ साली झू रान या सेनापतीची कबर सापडली. तो वारला २४९ साली. कबरीत त्याच्या नावाच्या १४ लाकडी पट्ट्या निघाल्या, वीतभर लांब. मजकूर साधारण असा: झू रान दोनदा वाकून नमस्कार करतो, क्षेमकुशल विचारतो. सगळे हुद्दे लिहिलेल्या तीन रुंद पट्ट्या वेगळ्या. म्हणजे फॉरवर्ड हजार-बाराशे वर्षांनी चुकला. शिवाय यात ‘बिझनेस’ कुठे आहे? भेटीला आलोय, आत वर्दी द्या, एवढंच. जपानीत कार्डाला आजही मेइशी म्हणतात. त्यातला ‘शी’ या पट्ट्यांच्या चिनी नावातलाच.

दुसऱ्या मुद्द्यात खरा घोळ आहे, आणि त्याला आपली बोलीही थोडी जबाबदार आहे. आपण दुकानदाराच्या कार्डालाही व्हिजिटिंग कार्डच म्हणतो. वर गणपती, मध्ये दुकानाचं नाव, कोपऱ्यात ‘प्रो.’ म्हणजे मालकाचं नाव, ट्रेडल छपाई यंत्रावर अशी किती काढली त्याला गणती नाही. पण युरोपात ही दोन वेगळी घराणी होती. भेटीच्या कार्डावर नाव, फार तर पत्ता. धंदा छापणं शिष्टाचारात बसत नसे. १८व्या शतकात तर खेळायच्या पत्त्यांच्या कोऱ्या पाठीवर नाव लिहूनही काम भागवत. इकडे इंग्रजांच्या छावण्यांत नव्या साहेबाने घरोघर कार्ड टाकत फिरायचं, आणि बंगल्याच्या फाटकावर त्यासाठी ‘नॉट ॲट होम’ लिहिलेली पेटी असे. बाई घरात असल्या तरी! भेटीचं कार्ड, तेही भेट टाळायला.

दुकानदारांचं ट्रेड कार्ड निघालं ते गिऱ्हाइकाला दुकान सापडावं म्हणून. लंडनमध्ये घरांना नंबर पडू लागले १७६०च्या दशकात. तोवर कार्डावर खूण छापायची: अमुक चित्राच्या पाटीखाली, तमुक चर्चजवळ. आपण ‘मांडवीच्या अलीकडे, पिंपळासमोर’ सांगतो ना, तसंच. पाठीवर बिलही लिहीत. पुढे चित्रकार म्हणून गाजलेल्या विल्यम होगार्थने १७२० साली धातूवर चित्रं-अक्षरं कोरण्याचा धंदा मांडला, तेव्हाचं त्याचं कार्ड आजही पाहायला मिळतं. हे कार्ड सरदारांच्या दिवाणखान्यातून उतरलेलं नाही. बाजारात आपल्या पायांवर उभं राहिलेलं आहे.

कोपऱ्याचं तर उलटंच. दुमडलेला कोपरा म्हणजे मी जातीने येऊन गेलो, नोकराहाती पाठवलं नाही. मानाची खूण ती.

आकाराबद्दल फार लिहीत नाही. एटीएम कार्ड ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटर. आमच्या छापखान्यात कार्ड कापत ते साडेतीन बाय दोन इंच, म्हणजे सुमारे ८९ बाय ५१. जपानी कार्ड ९१ बाय ५५. फॉरवर्ड करणाऱ्या आत्याच्या पर्समध्ये यातली दोन तरी नक्की असतील, तिने एकावर एक ठेवून बघावीत.