नियम दोघांना होते, मग भेदभाव कुठला?

तुमचं म्हणणं असं की अमेरिकेतल्या रीनो शहरातल्या कॅसिनोने बायकांना मेकअपची सक्ती केली, तशी पुरुषांनाही केस कॉलरच्या वर ठेवायची केली. शिवाय कोर्टानेच दावा फेटाळला, पटत नसेल तर नोकरी सोडावी, मी उगाच गळा काढतोय.

दावा फेटाळला, खरंय. पण कशावरून? डार्लीन जेस्परसन हॅराज कॅसिनोच्या बारमध्ये जवळजवळ वीस वर्षं होती. कामाबद्दल वरिष्ठ आणि गिऱ्हाइकं दोघंही खूश. 2000 साली नवा नियम आला: बायकांनी पावडर किंवा फाउंडेशन, ब्लश, मस्कारा आणि लिपस्टिक लावायचीच. पुरुषांना मेकअप चालणार नाही. गणवेश मात्र सगळ्यांना एकच, काळी पँट, पांढरा शर्ट, बो टाय. गणवेशाला तिची ना नव्हतीच. मेकअपला तिने नकार दिला आणि नोकरी गेली.

बायका-पुरुषांना पोशाखाचे वेगळे नियम अमेरिकन कोर्टं चालवून घेतात, फक्त एकाच बाजूवर जास्त बोजा पडता कामा नये. 2006 मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे तिथल्या संघीय अपील कोर्टाच्या, अकरापैकी सात न्यायाधीश म्हणाले, मेकअपला वेळ आणि पैसा जास्त लागतो याचा पुरावाच तिने दिलेला नाही. म्हणजे लिपस्टिकची बिलं जोडायला हवी होती! मेकअपला खर्च येतो, वेळ जातो, यात शंका ती काय, असं विरोधी मत देणाऱ्या न्या. कोझिन्स्कींनी विचारलं. पुरुष केस कापतो महिन्या-दीड महिन्यातून एकदा, मेकअप मात्र दर पाळीला. ही बरोबरी तुम्हाला पटते?

मला त्याहून खटकतं ते वेगळंच. पुरुषाचा चेहरा आहे तसा चालतो, बाईचा रंगवल्याशिवाय चालत नाही, हे गृहीत धरलंय. अॅन हॉपकिन्सला प्राइस वॉटरहाउस या हिशेबतपासनीस कंपनीत भागीदारी लांबणीवर टाकताना सल्ला मिळाला होता: बायकांसारखं चाला, बोला, मेकअप करा, दागिने घाला. अशा साचेबंद अपेक्षेवरून निर्णय घेणं हा लिंगभेदच, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये मानलं. जेस्परसनच्या बाबतीत बहुमताला तो साचा दिसला नाही. मला दिसतो.

आणि नोकरी सोडण्याबद्दल म्हणाल, तर 1964 च्या अमेरिकन नागरी हक्क कायद्याचा सातवा भाग, नोकरीतल्या भेदभावाला मनाई करणारा, झाला तोच मुळी हे उत्तर पुरेसं नाही म्हणून. नाहीतर मालकाने बाईला काहीही सांगावं, आणि तिने एक तर मान डोलवावी नाहीतर बाहेरची वाट धरावी.