तोकडं, सैल, अंगभर

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाने तोकड्या कपड्यांत दर्शनाला येऊ नका असं जाहीर केलं, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस धुमश्चक्री चालली होती. इथे फ्रान्समधल्या ल्यों शहरात बसून माझ्या नवऱ्याने निकाल देऊन टाकला, "देवळात जाताना अंगभर घालायला काय जातं?" खाली आत्याबाईंचे जोडलेले हात.

पुढच्याच महिन्यात हा पोहायला गेला आणि दारातूनच परत आला. गुडघ्यापर्यंतची सैल चड्डी चालत नाही म्हणे. फ्रान्समधल्या बहुतेक सार्वजनिक तलावांवर घट्ट चड्डीच लागते. सैल चड्डी माणूस रस्त्यावरही घालून हिंडतो, मग तीच पाण्यात कशी, असा हिशोब. पटण्यासारखा आहे. तरी स्वारी दिवसभर धुमसत होती. पंचेचाळीस वर्षांत कपड्यांवरून कुणी अडवण्याची त्याची ही पहिलीच वेळ. माझी कितवी, ते मी मोजलेलं नाही.

'परदेशात कुणी कुणाच्या कपड्यांकडे बघत नाही' असं सुट्टीला गेल्यावर ऐकवणाऱ्यांचं मला हसू येतं. इथे २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हं बंद केली. वाद होता हिजाबचा, पण पगडी बांधणारी शीख मुलंही त्यात सापडली. २०२३ मध्ये शाळांत अबायावर, म्हणजे मुस्लिम बायकांच्या सैल, पायघोळ झग्यावर, बंदी आली, आणि मुलीच्या अंगात आहे तो अबाया की नुसताच लांब झगा, हे ठरवायचं शाळेच्या दारातल्या माणसांवर आलं. देवळाच्या दारात 'तोकडं' कुठून सुरू होतं हे बघणारा रखवालदार त्यांचाच चुलतभाऊ. तिथे कापड कमी पडतं, इथे जास्त होतं. पट्टी लागते ती बहुतेक वेळा बाईलाच. पॅरिसमध्ये तर बायकांनी पोलिसांच्या परवानगीशिवाय पॅन्ट घालू नये असा १८०० सालचा हुकूम होता. तो कधीच मेला होता, पण गेल्याचं सरकारने जाहीर केलं थेट २०१३ मध्ये!

मला साडी आवडते. सिद्धिविनायकाला नेसूनच जाईन, नियम नसता तरी नेसलेच असते. फक्त आता ती हौसेने नेसली की धाकाने, हे दारातल्या माणसाला कळायचं नाही. हळूहळू मलाही कळेनासं होईल, याची जास्त धास्ती वाटते.

नवऱ्याने घट्ट चड्डी आणली. ग्रुपवर मात्र त्याबद्दल अक्षर लिहिलेलं नाही.