‘पाय यथातथाच, पण ठीक’

‘पहिल्या नजरेत जडलं नाही, ते प्रेम कसलं!’ आणि खाली शेक्सपिअरचं नाव. फेब्रुवारी लागला की हे चित्र फिरू लागतं. सोबत ठरलेली टीप: त्याच्या सुखात्मिका म्हणजे पहिल्या नजरेतल्या प्रेमाची आरती.

ओळ ‘अ‍ॅज यू लाइक इट’ या त्याच्या नाटकात आहे, पण उसनी. मूळ क्रिस्टोफर मार्लोच्या ‘हीरो अँड लीअँडर’ काव्यातली. मार्लो १५९३ साली मारला गेला, काव्य १५९८मध्ये छापलं गेलं. नाटकात ती ‘दिवंगत मेंढपाळा, तुझं म्हणणं आता पटलं’ असं सांगूनच येते; मेंढपाळ म्हणजे मार्लोच. चोरी नाहीच ती.

आणि म्हणतं कोण? फीबी. गॅनिमीड नावाच्या देखण्या पोरावर भाळलेली मेंढपाळीण. हा गॅनिमीड म्हणजे पुरुषवेषातली नायिका रोझालिंड! पहिल्या नजरेची महती गाणारी बाईच पहिल्या नजरेत फसलीय. (त्या काळी स्त्रीभूमिका मुलगेच करत, म्हणजे गुंता आणखी एका पदराचा.) वर म्हणते, मी काही त्याच्या प्रेमात नाही. मग सुरू: पोरगा गोड आहे, फार नाही म्हणा, उद्धट आहे, पण शोभतं त्याला, उंची बेताची, वयाच्या मानानं बरी, पाय यथातथाच, पण ठीक. बाई पुरती गेलेली आहे, हे तिच्याखेरीज सगळ्यांना कळतं.

हो, रोझालिंड आणि ऑर्लँडोचंही कुस्तीच्या आखाड्यापाशी पाहताक्षणीच जमतं. नाकारत नाही. पण नाटक तिथं थांबत नाही. तो झाडाझाडावर कविता टांगतो, ती त्यांची टर उडवते. गॅनिमीड बनून त्याच्याकडून प्रियाराधनाची रोज तालीम करून घेते. तासभर उशिरा आला की झापते. तो म्हणतो, तिनं नाकारलं तर मी मरेन. ती म्हणते: माणसं मरत आलीत, किड्यांनी खाल्लीयत, पण प्रेमापायी नाही. पुरुष म्हणे मागणी घालताना एप्रिल, लग्नानंतर डिसेंबर. (तिकडचा एप्रिल, आपला वैशाखवणवा नव्हे.)

‘शेवट गोड’ म्हणाल, तर चार लग्नं लागतात खरी. त्यात फीबी तिच्यामागे झुरणाऱ्या सिल्व्हियस या मेंढपाळाच्या पदरात पडते, तीही दिलेल्या शब्दापायी. आणि विदूषक टचस्टोनला जाक्वीस हा उदास सरदार सुनावतो: तुझ्या प्रेमाच्या जहाजावर शिधा दोनच महिन्यांचा आहे.