पाईप पिण्याचा की संडासचा?

घरी हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय नुसत्या खताच्या पाण्यात झाडं वाढवणं, करायचं ठरलं की आधी झाडं उगवत नाहीत, लॅपटॉपवर टॅब उगवतात. नवऱ्याच्या लॅपटॉपवर तर इतके उगवले की एकाचंही नाव वाचता येईना. तो आयटीत, त्यामुळे साधी कोथिंबीर लावायची तरी आधी आर्किटेक्चर ठरलं पाहिजे, आणि आर्किटेक्चर म्हणजे डीडब्ल्यूसी, एनएफटी, एब अँड फ्लो, ड्रिप, एअरोपोनिक्स असं काय काय, सगळ्या मुळांना पाणी पोचवायच्या पद्धती. एनएफटी ऐकून त्याच्या एका मित्राला ती ऑनलाईन विकली जाणारी डिजिटल चित्रंच वाटली, एकदम गंभीर होऊन म्हणाला अरे त्यात माझे बुडालेत, तू नको पडू.

सासूबाईंचा प्रश्न एकच, मातीत काय वाईट आहे? प्रश्न रास्त आहे हो, पण मागे बाल्कनीत कुंड्या होत्या तेव्हा खालच्या काकूंच्या पांढऱ्या चादरीवर लाल पाणी गळलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर तिचा फोटो आला, बाणासकट. म्हणून माती नको. तरी नवऱ्याने आईला पटवायला इतिहास काढला, की १९३० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गेरिक नावाच्या प्राध्यापकाने नुसत्या पाण्यात २५ फुटी टोमॅटोचे वेल वाढवले होते. सासूबाई म्हणाल्या, "तोडायला कोण चढलं?" पुढचा भाग नवऱ्याने सोयीस्कर गाळला, तो मी वाचून दाखवला. गेरिक फॉर्म्युला सांगेना, म्हणून विद्यापीठाने होगलंड आणि आर्नन या दोघांना कामाला लावलं आणि त्यांनी १९३८ मध्ये लिहून ठेवलं की चांगल्या मातीत येतं त्याहून फार काही जास्त येत नाही. सासूबाईंनी माझ्याकडे इतक्या प्रेमाने लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं.

पण नवऱ्याचं एनएफटीवर मन बसलं होतं. म्हणजे आडव्या पाईपातून पाण्याची पातळ धार सतत वाहती ठेवायची, मुळं त्यात पाय सोडून बसतात, पाणी उताराने खाली टाकीत आणि पंपाने परत वर. उतारही मोजून, दर तीस-चाळीस इंचाला एक इंच. मोबाईलवर लेव्हलचं ॲप घेऊन तो बाल्कनीभर रांगला तेव्हा कळलं की बिल्डरने फरशीलाच उतार दिलाय, तो बरोब्बर उलट्या बाजूला. फरशी धुताना जाळीकडे न जाता हॉलमध्ये पाणी का येतं हा आमचा जुना प्रश्न तेवढा सुटला.

मग हार्डवेअरचं दुकान. चार इंची पाईप द्या म्हटल्यावर काउंटरवरच्या दादांनी मान वर न करता विचारलं, "पिण्याचा की संडासचा?"

नवरा म्हणाला, "खाण्याचा."

आता दादांनी मान वर केली. मग सगळं समजावून झालं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की चार इंचीत सांडपाण्याचाच मिळेल, पाहिजे असेल तर भोकं पाडून देतो, गॅरंटी नाही. नवा कोरा पाईप आहे, कोणी वापरलेला नाही, हे मला कळतं, तुम्हाला कळतं. पण घरी पाईप आला आणि सासूबाईंनी त्यावर छापलेलं वाचलं तेव्हा विषय संपला. "त्यातलं सॅलड तू खा, मला वरणभात पुरे."

तसं एनएफटी गुरुवारीच मेलं असतं. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा वार, लाईट जाते आणि बऱ्याचदा पाणीही. एनएफटीत पंप थांबला की ती पातळ धार संपली, आणि एप्रिलच्या दुपारी उघडी मुळं किती वेळ तग धरणार? त्यावर उपाय म्हणून नवऱ्याने वायफायच्या राउटरचा यूपीएस पंपाला लावायचं सुचवलं. राउटर बंद पडून ऑफिसचा कॉल गेला तरी चालेल पण लेट्यूस जगला पाहिजे, हे वाक्य तो खरंच बोलला.

डीडब्ल्यूसी त्यामानाने साधं. बादलीत पाणी, झाकणात झाड, आणि मत्स्यालयात असतो तसा हवेचा पंप बुडबुडे सोडत राहणार. तो पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचा, नाहीतर लाईट गेली की पाणी नळीतून उलटं येऊन पंपातच शिरतं. म्हणून तो टांगला खिडकीच्या गजाला, आणि रात्रभर घुर्रर्र. तसलं घोरणं मी एकाचं वर्षानुवर्षं ऐकतेय, दुसऱ्यासाठी घरात जागा नाही असं मी स्पष्ट सांगितलं.

मध्येच टीडीएस मीटर आला. पेनासारखं छोटंसं यंत्र, पाण्यात बुडवलं की पाण्यातून वीज किती सहज वाहते, म्हणजे ईसी, त्यावरून विरघळलेले क्षार किती ते सांगतं. मग काय, नळाचं पाणी झालं, टँकरचं झालं, आरओचं झालं, ताक झालं, आमटीत तर मीटरने हातच टेकले. टँकरच्या पाण्याचा आकडा मात्र बघून सगळे गप्प झालो. त्यात आणखी खतं घालण्यात अर्थ नव्हता, म्हणजे झाडांना आरओचं पाणी आणि चादरी धुवायला टँकरचं. खतंही ए आणि बी अशा वेगळ्या बाटल्यांत. घट्ट असतानाच एकत्र केली की एकातलं कॅल्शियम दुसऱ्यातल्या सल्फेटला धरून खाली चुना बसतो तसा साका बसतो, म्हणून आधी पाण्यात ए ढवळायचं, मग बी. शिवाय पीएच साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये. आमच्या घरात इतकी काटेकोर पथ्यं फक्त आजोबांची होती.

शेवटी मार्ग निघाला तो हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या पद्धतीने. पंप नाही, लाईट नाही, काही नाही. डबा भरायचा, झाकणात झाड बसवायचं आणि सोडून द्यायचं. झाड पाणी पितं, पातळी उतरते, वर मोकळी झालेली मुळं हवेतून श्वास घेतात, खालची पीत राहतात. म्हणून परत काठोकाठ भरायचं नाही, नाहीतर वरची मुळं गुदमरतात. मला विचाराल तर पालेभाजीवाल्या नवशिक्याने दुसरं काही बघूच नये. बाटलीतला मनीप्लांट बहुतेक घरांत असतोच, त्याला पगारवाढ दिली असं समजायचं.

फक्त डबा हवा, आणि डबे होते सासूबाईंकडे. श्रीखंडाचे, एकात एक घातलेले, माळ्यावर, ते कशासाठी ठेवलेत हे त्यांनाही माहीत नाही पण मोजून ठेवलेत. वाटाघाटी झाल्या. चार मिळाले, अट एकच, झाकणं परत पाहिजेत. नवऱ्याने प्रत्येक झाकणाला मधोमध दोन इंची भोक पाडलं. उजेड आत गेला तर शेवाळ धरतं म्हणून डबे काळे रंगवले. त्या दिवशीचा स्वयंपाक मीच केला एवढं सांगते.

लेट्यूस आला मात्र झकास. पण उन्हाळा चढला तसा वर सरसरला आणि पानं कडू झाली. सॅलडला कोणी हात लावेना. सासूबाईंनी मुकाट्याने सगळा चिरला, डाळ-दाणे घातले, चिंच-गूळ सढळ हाताने, वर फोडणी. पातळभाजी झाली, संपलीसुद्धा.

वाटी चाटूनपुसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी अळू लावा. आमच्या रत्नागिरीला मोरीच्या पाण्यावर वाढायचं, कोणी त्यात मीटर बुडवत नव्हतं."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "आई, मोरीच्या पाण्याचा ईसी साधारण किती असेल गं?"