पैसे घेता ना? मग आधी शिकवा!

गेले तीन आठवडे हे डोक्यात घोळतंय, आता लिहून मोकळी होते.

माझी मुलगी 11 वर्षांची आहे. तीन वर्षं पुण्यात टँकवर पोहते, 25 मीटरच्या दहा फेऱ्या न थांबता मारते. तीच मुलगी मालवणला स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क लावून, नळीतून श्वास घेत पाण्यावर तरंगत खालचं बघायला उतरली, आणि मिनिटभरही टिकली नाही. नाकातोंडात खारं पाणी, खोकून खोकून लाल झालेला चेहरा, एका हाताने बोटीची कड धरलेली आणि दुसऱ्या हाताने माझी मान. तिला वर ओढून घेताना बोटीवरचा मुलगा मला म्हणाला, "ताई, जाम घाबरते हो तुमची मुलगी."

ती घाबरट नाही. तिला कुणी काही शिकवलंच नव्हतं! माणशी 400 रुपये मोजून घेतले, नाव-गाव लिहून घेतलं, सही घेतली, आणि ज्या गोष्टीचे पैसे घेतले ती कशी करायची हे सांगितलं नाही. माझा संताप याचा आहे.

जेटीवरून सुटल्यापासून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पलीकडे बोट थांबेपर्यंत चांगली वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत स्पीकरवर गाणी वाजत होती. पोचल्यावर तीन वाक्यं झाली: मास्क लावा, नळी दातात धरा, रिंग सोडू नका. वर "काय एक होवचा नाय!" म्हणून पाठीवर थाप, आणि चला, उतरा.

आता टँकवर शिकलेल्या मुलीचं काय होतं ते सांगते, कारण हे मला नंतर स्वतः वाचून, करून बघून समजलं आणि तेव्हापासून राग दुप्पट झालाय. टँकवर शिकवतात की पाण्यात तोंड असताना नाकाने श्वास सोड आणि मान वळवून तोंडाने घे. तीन वर्षं तेच अंगात मुरलंय. मास्कमध्ये नाकाने श्वास सोडला की काच धुकटते आणि मास्क गालावरून उचलला जातो. मान वळवली की नळीचं वरचं टोक पाण्याखाली जातं आणि नळी भरते. भरलेल्या नळीतून तिने नेहमीच्या सवयीने छातीभर श्वास ओढला, तो खाऱ्या पाण्याचा घोट होता. तिने काहीही चुकीचं केलं नव्हतं. जे शिकली होती ते अगदी बरोबर केलं होतं! नळीत पाणी आलं तर श्वास घ्यायचा नाही, आतून एकच जोरदार फुंकर मारायची, पाणी वरून उडून जातं, मग पहिला श्वास अगदी हळू, चाखल्यासारखा घ्यायचा. एवढंच. एक वाक्य. ते वाक्य त्या बोटीवरच्या प्रत्येक मुलाला पाठ असणार, कारण ती मुलं त्याच पाण्यात वाढली आहेत. ते एक वाक्य बोलायला काय होतं?

मास्कचं तर विचारूच नका. मोठ्या माणसाचा मास्क लहान चेहऱ्याला लावला आणि बसत नाही म्हणून पट्टा आवळला. मास्क पट्ट्याने बसत नाही हो! पट्टा डोक्यामागे न घेता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने किंचित श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. तो चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर दुसरा घ्यायचा. पाच सेकंदांची परीक्षा आहे. कानाजवळची एक बट आत अडकली तरी पाणी झिरपतं. माझ्या नवऱ्याला मिशी आहे, तिच्यातून सतत पाणी आत येत होतं. मिशीवर व्हॅसलीन लावलं तर बरंच थांबतं, हे मला घरी आल्यावर कळलं. महाराष्ट्रात निम्म्या बाप्यांना मिशा असतात, तर हा प्रश्न रोज दहा वेळा येत असणार. बोटीवर व्हॅसलीनची एक डबी नको का? आणि प्रत्येकाच्या तोंडातून निघालेली नळी समुद्राच्या पाण्याच्या त्याच बादलीत बुडवून पुढच्याच्या हातात. आमच्या आधीचे काका सर्दीने हैराण होते. मी बघत होते. मी बोलले तर उत्तर आलं, "मीठ आहे ना पाण्यात, जंतू मरतात."

लाइफ जॅकेटचं बक्कल तुटलेलं होतं, ते नाडीने बांधलं होतं. पाण्यात गेल्यावर जॅकेट वर सरकून मुलीच्या कानांपर्यंत आलं. तोंड खाली घालायला जावं तर जॅकेट मान मागे ढकलतं. पायात फिन्स, म्हणजे पोहताना घालायचे रबरी पंजे, नाहीत. त्यामुळे मूल पाण्यावर आडवं होतच नाही, उभं लोंबकळतं, पाय मारत राहतं, धाप लागते. धाप लागली की श्वास उथळ होतो, मग नळीतली वापरलेली हवाच परत परत छातीत जाते आणि आणखी गुदमरतं. भीती नंतर येते. आधी शरीराला हवा कमी पडते. म्हणून कुणी माझ्या मुलीला घाबरट म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

आणि या सगळ्यात बोटीवरच्या त्या मुलाचा एक हात कॅमेऱ्यावर होता. व्हिडिओ पॅकेजमध्ये आहे ना! त्या व्हिडिओत माझी मुलगी अंगठा वर करून दाखवताना दिसते. "अंगठा दाखव, अंगठा दाखव" असं तिला दोनदा ओरडून सांगितलं म्हणून तिने दाखवला. पुढच्याच क्षणी ती पाणी प्यायली, तो भाग कापलेला आहे.

एक गोष्ट तर डोळ्यांदेखत बघूनही मला खरी वाटेना. पावाचा पुडा फोडून पाण्यात टाकला, की पट्ट्यापट्ट्यांचे मासे गोळा होतात आणि व्हिडिओ चांगला येतो. खडकांवरचं शेवाळ खाऊन प्रवाळाला मोकळं ठेवणाऱ्या माशांचं पोट आपण पावाने भरतोय. शेजारच्या बोटीतले दोघंजण दमले म्हणून सरळ प्रवाळावर उभे राहिले, आणि त्यांच्या माणसाने त्यांना हटकलं तर नाहीच, उलट "तिथे उभे राहा, तिथे पाय टेकतो" म्हणून जागा दाखवली! मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालंय, 29 चौरस किलोमीटरचं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ज्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, तिच्यातच प्रवाळ आहे. वर्षाला सेंटिमीटरभर वाढणारा जीव तो. ज्याला पाण्यावर तरंगायला शिकवलंच नाही तो दमल्यावर कुठेतरी पाय टेकणारच. म्हणजे शिकवलं नाही की माणूसही जातो आणि प्रवाळही.

दुसऱ्या दिवशी मालवणजवळच्या देवबागला पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायची तरंगती फळी. मुलीने यायला नकार दिला, ती काठावर बसून राहिली. आम्ही दोघं गेलो. सकाळचे आठ, कर्ली खाडीचं पाणी आरशासारखं. हातात वल्हं दिलं, "गुडघ्यावर बसा, मग उभे राहा" एवढं सांगितलं आणि ढकललं. पॅडलबोर्डच्या वल्ह्याचं पातं दांड्याशी थोडं कललेलं असतं आणि तो कल पुढच्या बाजूला, बोर्डाच्या नाकाकडे हवा. मी पूर्ण वेळ ते उलटं धरून मारलं, आठवडाभर खांदा दुखला. उभं राहताना पायांकडे न बघता दूर बघायचं असतं, पाय बोर्डाच्या मधोमध, बोर्ड उचलायच्या मुठीच्या दोन्ही बाजूंना ठेवायचे असतात, हेही कुणी बोललं नाही. पण ते सोडा, खांदा बरा होतो.

बोर्ड पायाला बांधायची दोरी नव्हती. मी विचारलं, तर म्हणाले, "खाडी आहे ताई, लाटा कुठे आहेत?" लाइफ जॅकेट तर हवं असेल तर घ्या म्हणाले, मी हट्टाने दोघांना घालायला लावलं.

त्या दिवशी सप्तमी होती. कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. सप्तमीला सव्वापाच येतात. म्हणजे सव्वापाचला भरती पूर्ण, त्यानंतर साडेअकरापर्यंत सुकती, म्हणजे ओहोटी, आणि आठच्या पुढे सुकतीचं पाणी सगळ्यात जोरात समुद्राकडे धावतं. शिवाय सकाळचा वारा जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे मतलई. खारे वारे, मतलई वारे आपण सगळ्यांनी शाळेच्या भूगोलात पाठ केलेत! काठाला पाणी सपाट दिसतं ते याच वाऱ्यामुळे, कारण तो पाठीमागून येतो. पाणीही बाहेर ओढतंय, वाराही बाहेर ढकलतोय, आणि नवशिक्या माणसाला उभं करून, म्हणजे शिडासारखं उभं करून, खाडी समुद्राला मिळते त्या संगमाच्या दिशेला तोंड करून सोडून दिलं.

माझा नवरा पाचव्या मिनिटाला पडला. पायाला दोरी नाही, म्हणून बोर्ड गेला निघून. बोर्ड पाण्यावर हलका, माणूस पाण्यात जड, बघता बघता दोघांत वीस फुटांचं अंतर पडलं. तो पोहून बोर्ड गाठायला गेला, आणखी खाली वाहत गेला. मी ओरडत होते, काठावर माझी मुलगी ओरडत होती. बोर्ड देणारा माणूस पुढच्या गिऱ्हाइकाशी भाव करत होता. जाळं काढून परत येणाऱ्या एका होडीतल्या काकांनी माझ्या नवऱ्याला वर घेतलं. ते काही फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "ह्या भांगाचा पाणी म्हणान बरा. उधाणाक गावला नसतास." अष्टमीच्या आसपासचं भांगाचं, म्हणजे लहान भरती-ओहोटीचं पाणी होतं म्हणून ओढ कमी होती. पौर्णिमा किंवा अमावस्येचं उधाण असतं तर? मला रात्री झोप लागत नाही या विचाराने.

काकांना ते कळत होतं. बोर्डवाल्यालाही कळत होतं, तो त्याच गावचा आहे. ज्ञान नाही असं नाहीच, ते या किनाऱ्यावर ओसंडून वाहतंय! मालवणातल्या चिवल्याच्या किनाऱ्यावर दर डिसेंबरात सागरी जलतरणाच्या स्पर्धा होतात, शाळकरी पोरं मोकळ्या समुद्रात पोहतात. जवळच्या तारकर्लीत सरकारने स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, शिकवायला खास टँक बांधलाय. मग आमच्यासारखा साधा पर्यटक आला की त्याला फक्त बसवायचं, बुडवायचं, फोटो काढायचा आणि उतरवायचं, हे कुणी ठरवलं?

उत्तर मला माहीत आहे, कारण मी भांडून विचारलं. फेऱ्या मारायच्या असतात. सीझन चारदोन महिन्यांचा, बोटीचं डिझेल, हप्ता, पावसाळ्यात सगळं बंद. मला त्यांच्या पोटाची काळजी आहे, खोटं सांगत नाही. आणि पर्यटकही तसेच आहेत. आमच्याच बोटीतल्या एका कुटुंबाने 400 चे 300 करायला अर्धा तास घालवला, आणि पाण्यात उतरायच्या आधी कुणी दोन शब्द बोलू लागलं की यांचं "आटपा लवकर, जेवायला जायचंय." दोघांच्या अंगाला दारूचा वास येत होता, त्यांनाही पाण्यात सोडलं. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले, तेव्हा आठवडाभर सगळे बोलले. नंतर तीच घाई, तीच तुटलेली बक्कलं. 400 चे 600 घ्या ना! मी देते. पण आधी किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात दहा मिनिटं उभं करा. मास्क टेकवून बघायला सांगा, नळीत मुद्दाम पाणी भरून फुंकर मारायला लावा, पाच वेळा मारायला लावा. ज्याला जमणार नाही त्याला बोटीत घेऊ नका, आणि पैसे परत द्या. बोर्ड देताना पायात दोरी बांधा आणि वारा कुठून येतोय ते हात दाखवून सांगा. पडलात तर बोर्ड सोडू नका, वारा वाढला तर पोटावर झोपून हाताने वल्हवा, हे सांगा. जॅकेट "हवं असेल तर" नाही. घालायचंच.

पुण्याला आल्यावर मुलगी टँकवर गेली आणि पाण्यात तोंड घालेना. तीन वर्षं पोहणारी मुलगी पायऱ्यांवर बसून राहिली. तिच्या सरांनी मला फोन करून विचारलं, काय झालंय हिला? काय सांगू मी त्यांना?

मी तिच्या मापाचा मास्क आणला. रोज रात्री बाथरूममध्ये मोठा टब भरते, ती त्याच्यासमोर गुडघ्यावर बसते, मी पाठीवर हात ठेवते. पहिले चार दिवस नुसता मास्क लावून बसली. मग काच पाण्याला टेकवली. काल नळी तोंडात घेऊन सात सेकंद राहिली, नळीत पाणी गेलं, तिने फुंकर मारली, ते उडून आरशावर गेलं. जे काम 400 रुपये घेणाऱ्याने दहा मिनिटांत करायचं होतं, ते आम्ही मायलेकी तीन आठवडे बाथरूमच्या फरशीवर बसून करतोय.